ट्रामचे रूळ आणि शहराची वाढ

मागील सत्रांत इतिहासाच्या तासास एका विद्यार्थ्यानें प्रश्न केला, "सर, दादरच्या पूर्व भागास 'टी.टी.' म्हणतात, त्या अक्षरांचा अर्थ काय?" बसच्या पाटीवर तीं अक्षरें वर्गांतील पुष्कळांनीं वाचलीं होतीं, अर्थ मात्र कोणासच ठाऊक नव्हता. त्यांचा अर्थ 'ट्राम टर्मिनस', म्हणजे ट्रामचें अखेरचें ठिकाण. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजीं रात्रीं बोरीबंदराहून दादरास गेली. तेव्हांपासून गाडी गेली, परंतु नांव राहिलें. नांवाबरोबर आणखी एक गोष्ट मागें राहिली आहे, ती म्हणजे शहराची आकृति. ती ट्राममुळें कशी बनली आणि त्यापासून आपण काय शिकावें, हें थोडक्यांत सांगण्याचें या लेखांत योजिलें आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, शहर किती पसरावें हें त्यांतील माणसाच्या रोजच्या प्रवासावर अवलंबून असतें. समजा, कामावर जाण्यास मनुष्य अर्धा तास खर्चूं शकतो. पायीं चालला तर तेवढ्या वेळांत तो दीड मैल जाईल. म्हणजे कामाच्या ठिकाणाभोंवतीं दीड मैल त्रिज्येचें वर्तुळ काढिलें, तर त्यांतील सुमारें सात चौरस मैलांतच सर्वांनीं राहिलें पाहिजे. आतां ताशीं सहा मैल जाणारी घोड्यांची ट्राम आली असें धरा. त्रिज्या तीन मैलांची झाली. परंतु क्षेत्रफळ दुप्पट न होतां चौपट, म्हणजे सुमारें अठ्ठावीस चौरस मैल झालें. विजेची ट्राम थांबत थांबत ताशीं दहा मैल गेली, तर हेंच क्षेत्रफळ अठ्ठ्याहत्तर चौरस मैलांवर जातें. भूमितीच्या तासास जें सूत्र रूक्ष वाटतें, तेंच शहरांतील माणसास मोकळी हवा मिळवून देतें.

वेगाइतकेंच महत्त्व भाड्यास आहे. खडीच्या रस्त्यांत चाक रुतें, म्हणून घोड्याची बरीच शक्ति व्यर्थ जाते. लोखंडी रुळावर लोखंडी चाक अल्प श्रमानें फिरतें. त्यामुळें तेंच जनावर रस्त्यापेक्षां कित्येक पट भार ओढूं शकतें. एका गाडींत अधिक उतारू बसले म्हणजे प्रत्येकाचें भाडें उतरतें, आणि ज्यास स्वतःची बग्गी ठेवणें कधींच शक्य नव्हतें, असा कारकूनहि दूर राहूं शकतो.

परंतु प्रत्यक्षांत शहर वर्तुळाप्रमाणें वाढत नाहीं. ट्राम रुळांवरून जाते व ठराविक जागीं थांबते. थांब्यापासून पांचदहा मिनिटांत चालत जातां येईल तेवढ्याच पट्ट्यांत घरें उठतात. त्यापलीकडे शेतें तशींच राहतात. हाताचीं बोटें पसरावीं तसें शहर दिसूं लागतें. जेथें दोन मार्ग मिळतात तेथें बाजार भरतो, आणि रुळांच्या दुतर्फा घरांच्या तळमजल्यांवर दुकानें होतात.

याचें उत्तम उदाहरण अमेरिकेंत पाहावयास मिळतें. १८८८ सालीं फ्रँक स्प्रेग या अभियंत्यानें रिचमंड शहरांत विजेच्या ट्रामचा मोठा मार्ग यशस्वी करून दाखविला, व थोड्याच वर्षांत तिचा सर्वत्र प्रसार झाला. बॉस्टन शहर १८५० च्या सुमारास मध्यापासून दोनएक मैलांत सामावलेलें होतें; १९०० पर्यंत तें दहा मैलांवर गेलें, असें सॅम वॉर्नर या इतिहासकारानें १९६२ च्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे. तेथील ट्राम कंपनीचा प्रमुख हेन्री व्हिटनी यानें ब्रुकलाइन भागांत रस्त्यालगतच्या जमिनी आधीं विकत घेतल्या व मग तेथें ट्राम नेली. ट्राम येतांच जमिनीचें मोल चढलें. लॉस एंजेलिस येथें हेन्री हंटिंग्टन यानेंहि जमीन व विजेची गाडी हे दोन्ही व्यवहार एकाच हातांत ठेविले. शहर कोणत्या दिशेस वाढावें, याचा निर्णय अशा रीतीनें जमीनमालकाच्या कचेरींत होऊं लागला. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. तिचें प्रयोजन पुढें येईल.

आतां आपल्या मुंबईकडे वळूं. येथें घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजीं सुरू झाली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटावरून पायधुणीस जाई. दुसरा बोरीबंदराहून काळबादेवीच्या वाटेनें पायधुणीस पोंहोंचे. कुलाबा ते पायधुणी भाडें आरंभीं तीन आणे होतें, तें लवकरच दोन आण्यांवर आलें. मार्ग पाहतांच हेतु कळतो. कचेऱ्या व पेढ्या कोटांत, आणि कामकरी व व्यापारी वस्ती बाहेर. त्या दोहोंस जोडणारा हा धागा होता. ७ मे १९०७ रोजीं विजेची ट्राम आली, आणि १९२० सालीं दुमजली गाडी धांवूं लागली.

परंतु मुंबईचा खरा प्रश्न केवळ अंतराचा नव्हता. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत गांठीच्या तापाची सांथ असल्याचें डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय वैद्यानें ओळखिलें. सूर्यप्रकाश व वारा न शिरणाऱ्या खोल्यांत माणसें कोंडलीं म्हणजे काय होतें, हें त्या सांथीनें भयंकर रीतीनें दाखवून दिलें. १८९८ सालीं सरकारनें 'इंप्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापिला. त्यानें प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड व महंमदअली रोड यांसारखे रुंद रस्ते काढिले, आणि उत्तरेस दादर-माटुंग्याच्या शेतजमिनी घेऊन तेथें आंखीव रस्ते, बागा व घरांचीं आवारें यांची योजना केली. पुढें तेथें हिंदु कॉलनी वसली, आणि मंचेरजी जोशी यांच्या प्रयत्नानें पारशी कॉलनीहि वसली. मुंबई हें लांबट व अरुंद बेट असल्यामुळें येथें पांच बोटें पसरण्यास जागाच नव्हती. शहर एकाच बोटासारखें उत्तरेकडे लांबलें. दूरच्या उपनगरांचें श्रेय आगगाडीचें, हें खरें. परंतु बेटाच्या आंत बाजारापासून दारापर्यंत नेण्याचें काम ट्रामनें केलें. दादरच्या टोकास असलेलें तें 'टी.टी.' म्हणजे या दोन योजनांची, रुळांची व घरांची, भेटण्याची जागा होय.

या लाभांत कोण वांटेकरी झालें? कारकून, शिक्षक, लहान व्यापारी यांस मोकळीं घरें मिळालीं. परंतु गिरणींतील मजूर पहांटेच्या भोंग्यास हजर राहण्यासाठीं गिरणीच्या सावलींतच राहिला. दोन वेळचें भाडें महिन्याच्या मजुरींतून काढणें त्यास जड होतें. ट्रस्टानें दाट वस्त्या पाडल्या खऱ्या, परंतु तेथून उठलेल्या सर्व गरिबांस नव्या वसाहतींत छप्पर मिळालें नाहीं. ते शेजारच्या चाळींत जाऊन तेथील गर्दींत भर घालूं लागले. यावरून हें स्पष्ट होतें कीं, रूळ टाकले म्हणजे न्याय आपोआप होतो असें नाहीं. रूळ दूरची जमीन जवळ आणतात. ती कोणासाठीं, हें माणसांस ठरवावें लागतें.

१५ जुलै १९२६ रोजीं मुंबईंत बस आली. बस हवी तेथें वळते, म्हणून ती सोयीची. तथापि तिचा मार्ग उद्यां बदलूं शकतो. रुळांचें तसें नसतें. जो घर बांधतो किंवा दुकान काढतो, तो रूळ पाहून विश्वासानें काढतो. याच कारणानें ज्या शहरांनीं ट्राम मोडली, त्यांतील कांहींनीं ती पुन्हा आणिली. फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग शहरानें १९६० सालीं ट्राम बंद केली व १९९४ सालीं नवी सुरू केली. त्याबरोबर मधला क्लेबेर चौक मोटारींपासून मोकळा करून पायीं चालणारांस दिला. उलट कलकत्त्यांत, जेथें १८७३ सालीं आपल्या देशांतील पहिली ट्राम धांवली, तेथील सरकारनें २०२४ सालीं एक मार्ग वगळून बाकीचे बंद करण्याचें जाहीर केलें.

आपल्याकडे ट्रामची जागा आतां मेट्रोनें घेतली आहे. मुंबईंत ती २०१४ सालीं, तर पुण्यांत २०२२ सालीं सुरू झाली. खांब उभे राहूं लागतांच जवळच्या घरांचे भाव कसे चढतात, हें पालकांस सांगावयास नको. ब्रुकलाइनला जें घडलें, तेंच येथें घडूं शकतें. म्हणून नगररचना करणारांनीं तीन गोष्टी पाळणें अगत्याचें आहे: घरें होण्यापूर्वीं मार्ग ठरवावा, मार्गालगतची कांहीं जमीन थोड्या मिळकतीच्या कुटुंबांसाठीं राखून ठेवावी, आणि भाडें असें असावें कीं मजुरास तें रोज दोन वेळ देतां येईल. यांपैकीं एक जरी गोष्ट सुटली, तरी रूळ पुढें जातात व गरीब मागें राहतो.

ज्या विद्यार्थ्यानें प्रश्न केला, त्यास व त्याच्या सोबत्यांस मी एक काम सुचवितों. येत्या सुट्टींत मुंबईचा नकाशा घेऊन कुलाबा, बोरीबंदर, पायधुणी व दादर हीं स्थळें पेन्सिलीनें जोडा. आणि घरांतील एखाद्या वडील माणसास ट्राम आठवत असल्यास, ते त्या वेळीं कोठें राहत, कोठें कामास जात व भाडें किती देत, हें विचारून घ्या. मग आपल्या घराजवळून जाणारा नवा मार्ग त्याच नकाशावर काढा व त्याच्या बाजूस कोण राहावयास येत आहे, कोण सोडून जात आहे, हें नोंदवा. पुढील वर्षीं ते नकाशे आपण वर्गांत लावूं.