पाहुणा दोन रात्रींचा, जमीन पिढ्यांची



शनिवार आला की आसनगाव स्टेशनाबाहेर आणि कल्याण-मुरबाड रस्त्यावर पाठीवर मोठाल्या पिशव्या अडकवलेली मंडळी दिसू लागतात. कुणी माहुलीला निघालेलं असतं, कुणी गोरखगडाला, कुणी नाणेघाटाला, कुणी माळशेजला. पूर्वी ही मंडळी गड चढून संध्याकाळी घरी परतायची. आता बरेच जण रात्रीही राहतात. कुणाच्या तरी माळावर तंबू लागतात, आपल्याकडून भाकरी-पिठलं घेतात आणि रविवारी दुपारी निघून जातात.

त्यातून चार पैसे घरात येतात. ते यायलाच हवेत. पण या व्यवहारात आपली बाजू कशी राखायची, हे आज बघू. त्यासाठी आधी थोडं लांब जाऊ, डोंगरात विमान उतरवणाऱ्यांकडे.

अमेरिकेत आयडाहो नावाचं डोंगराळ राज्य आहे. तिथे जंगलात, नदीकाठी गवताच्या छोट्या धावपट्ट्या आहेत. धावपट्टी म्हणजे विमान उतरायची आणि उडायची सरळ वाट. दोन-चार माणसांचं छोटं विमान घेऊन लोक शनिवार-रविवारी तिथे जातात. विमानाशेजारीच तंबू ठोकतात, राहतात आणि परत उडतात.

ऐकायला ही मौज वाटते. पण निघण्याआधी त्यांचा हिशेब फार कडक असतो. माणसं, तंबू, शिधा, इंधन, सगळ्याचं वजन धरायचं. कारण विमानाचा पंख हवेवर तरंगतो. डोंगरावर हवा विरळ असते आणि ऊन तापलं की ती आणखी विरळ होते. मग पंखाला आधार कमी मिळतो आणि उडायला जास्त लांब धाव लागते. पट्टी आखूड आणि वजन जास्त, तर विमान वर उठत नाही. म्हणून शहाणा वैमानिक सकाळच्या गारव्यात उडतो. कुठे जातो, कधी परतणार, हे मागे कुणाला तरी सांगून ठेवतो. आणि आभाळ बिघडलं, तर जाणं रद्द करतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

आपल्या जवळची अशी प्रसिद्ध डोंगरी धावपट्टी म्हणजे नेपाळमधलं लुक्ला. एव्हरेस्टकडे जाणारे आपले मराठी गिर्यारोहकही तिथेच उतरतात. आपल्या महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर कळसूबाई 1,646 मीटर आहे. लुक्लाची धावपट्टी आहे सुमारे 2,845 मीटरवर. लांबी फक्त 527 मीटर, म्हणजे अर्ध्या किलोमीटरपेक्षा जराशी जास्त. तीही उतारावर. विमान चढाच्या बाजूने उतरतं, म्हणजे वेग लवकर मोडतो. उडताना उताराकडे धावतं, म्हणजे वेग लवकर मिळतो.

ही पट्टी 1964 साली एडमंड हिलरी यांनी शेर्पा गावकऱ्यांच्या मदतीने तयार केली. त्यांना आधी सपाट शेतजमीन हवी होती, असं सांगतात. पण शेतकरी पिकाची जमीन द्यायला तयार झाले नाहीत. म्हणून पट्टी उतारावर गेली. विमान आलं आणि शेतंही राहिली. मैत्रिणींनो, ही गोष्ट ध्यानात ठेवा. गावाने "इथे नको, तिथे चालेल" म्हटलं आणि ते मानलं गेलं.

आता आपल्या जिल्ह्यातली धावपट्टी बघा. कल्याणहून हाजीमलंगाकडे जाताना नेवाळी लागतं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने तिथे विमानांसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. युद्ध 1945 साली संपलं. जमिनीचा वाद मात्र संपला नाही. जून 2017 मध्ये त्याच जमिनीसाठी शेतकरी रस्त्यावर उतरले आणि आंदोलन चिघळलं. आजोबांच्या काळात गेलेल्या जमिनीसाठी नातवंडं भांडत होती.

तंबू म्हणजे काही विमानतळ नव्हे, हे आम्हालाही कळतं. पण एका रात्रीच्या तंबूवरून हंगामभराचा तंबू होतो, मग पत्र्याची शेड येते, मग कुंपण येतं. म्हणून पहिल्याच दिवशी पाच गोष्टी ठरवून घ्याव्यात.

पहिली गोष्ट जमिनीची. तंबू कुणाच्या जमिनीवर लागतात, ते सातबाऱ्यावर बघा. जमीन वनखात्याची असेल, अभयारण्यातली असेल, तर त्यांच्या परवानगीशिवाय रात्रीचा मुक्काम करू देऊ नका. माहुलीचा परिसर तानसा अभयारण्यात येतो. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला विकताच काय, भाडेपट्ट्यानेही जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय देता येत नाही. कुणी कोऱ्या कागदावर अंगठा किंवा सही मागितली, तर देऊ नका. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला जादा अधिकार आहेत. विषय ग्रामसभेत मांडा आणि ठरावात लिहून घ्या. वरकस माळ दिला, तरी भाताचं खाचर आणि गुरांची वाट मोकळी राहिली पाहिजे.

दुसरी गोष्ट पाण्याची. वैमानिक वजन मोजतो, तसं आपण पाणी मोजायचं. तीस पाहुणे आले आणि माणशी वीस लिटर पाणी लागलं, तर सहाशे लिटर होतं. पंधरा लिटरच्या हंड्याने ते चाळीस हंडे झाले. ते कुणाच्या डोक्यावरून येणार? तानसा धरण 1892 साली पूर्ण झालं. तानसा आणि भातसाचं पाणी मुंबईला जातं आणि इथल्या पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. म्हणून विहीर आटू लागली की पाहुण्यांची संख्या कमी करा किंवा मुक्काम बंद ठेवा. पाणी वाहण्याची मजुरी जेवणाच्या दरात धरा.

तिसरी गोष्ट हवामानाची. वर घाटमाथ्यावर पाऊस पडतो आणि खाली ओहोळाला अचानक लोंढा येतो, हे आपल्याला ठाऊक असतं. शहरातल्या पोरांना ठाऊक नसतं. ओहोळाच्या पात्रात, धबधब्याखाली, दरडीच्या पायथ्याशी तंबू लावू देऊ नका. पावसाळ्यात जिल्हा प्रशासनाने बंदी घातली असेल, तर ती पाळा. येणाऱ्यांची नावं, फोन नंबर आणि परतायची वेळ वहीत लिहा. वेळ टळली तर वाट बघत बसू नका. पोलिसांसाठी 112 आणि रुग्णवाहिकेसाठी 108 लावा.

चौथी गोष्ट कचऱ्याची. एव्हरेस्टवरचा कचरा वाढला, तेव्हा नेपाळ सरकारने 2014 साली नियम केला. प्रत्येक गिर्यारोहकाने आठ किलो कचरा खाली आणायचा. प्रत्येक तुकडीने 4,000 डॉलर अनामत ठेवायची, कचरा आणला नाही तर ती बुडाली. आपणही छोटी अनामत घेऊ शकतो. जाताना बाटल्या, पत्रावळी, पिशव्या परत नेल्या की पैसे परत. नाहीतर ते गटाच्या खात्यात. प्लास्टिक खाऊन आपली गाय मेली, तर पाहुणा भरपाई द्यायला येत नाही.

पाचवी गोष्ट आपल्या मानाची आणि पैशाची. सकाळी चूल पेटवण्यापासून रात्री भांडी घासेपर्यंतचे तास मोजा. लाकूडफाटा, पीठ, तेल आणि मजुरी धरून दर ठरवा. गावात एकच दर ठेवा, नाहीतर आपणच एकमेकींचा भाव पाडतो. अर्धे पैसे आधी घ्या. दारू चालणार नाही, हे आधीच सांगा. रात्री वाढायला एकट्या मुलीला कधी पाठवू नका. जेवण विकायचं तर अन्न परवाना खात्याची नोंदणी करून घ्या. राज्याच्या पर्यटन विभागाचं महिलांसाठी 'आई' नावाचं धोरण 2023 पासून आहे. त्यात पर्यटन व्यवसायासाठी घेतलेल्या पंधरा लाखांपर्यंतच्या बँक कर्जाच्या व्याजाचा परतावा मिळू शकतो. गटाने त्याची चौकशी जरूर करावी.

काही जणी म्हणतील, एवढे नियम सांगितले तर पाहुणे दुसऱ्या गावाला जातील. काही जातीलही. पण ज्याला पाणी जपायचं नाही, कचरा उचलायचा नाही, त्याचं जेवण रांधून आपल्या हाती किती उरतं, याचा हिशेब एकदा मांडून बघा. चांगला पाहुणा नियमांनी बिचकत नाही. इथे विचारणारं कुणी आहे, हे बघून तो उलट निर्धास्त होतो.

तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत या पाच गोष्टी एका कागदावर लिहा, सगळ्यांनी सह्या करा आणि शेजारच्या पाड्यालाही एक प्रत द्या. शनिवारच्या आधी तेवढं झालं तरी पुष्कळ झालं.