चांदीचे चित्र आणि अंकांचे चित्र

बीड जिल्ह्यातील लिंबागणेश या गावी भालचंद्र गणपतीचे प्रसिद्ध देवालय आहे. दर्शनास आलेली मंडळी देवळासमोर उभी राहतात, कोणी तरी मोबाइल पुढे धरतो आणि निमिषार्धात छायाचित्र सर्वांच्या डोळ्यांपुढे येते. कोणाचे डोळे मिटले असतील, तर लगेच दुसरे काढता येते. फिल्मच्या काळी ही सोय नव्हती. एका रिळावर बहुधा १२ किंवा ३६ चित्रेच निघत. म्हणून कळ दाबण्यापूर्वी आजीचा पदर आणि बाळाचे टोपडे दोनदा नीट केले जाई. आणि डोळे मिटले होते की काय, हे रीळ धुऊन येईपर्यंत कळत नसे!

असे का होई? फिल्मच्या पट्टीवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण पसरलेले असतात. भिंगातून आलेला प्रकाश ज्या कणांवर पडतो, त्यांच्यात बदल होतो. परंतु तो डोळ्यांना दिसत नाही. कृष्णधवल पट्टी अंधारात विशिष्ट रसायनात बुडविली, म्हणजे त्या कणांची काळी चांदी बनते. उरलेले क्षार हायपोच्या द्रावणाने काढून टाकले, की प्रतिमा कायम होते. मात्र ती उलटी असते: काळे केस पांढरे आणि पांढरे दात काळे. हीच निगेटिव्ह. तिच्यावरून कागदावर हव्या तितक्या प्रती काढता येतात. न धुतलेले रीळ मात्र मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पेटीत पडून राहिले, तर उष्णतेने खराब होण्याची भीती असे.

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी संवेदक असतो. त्यावरील लक्षावधी सूक्ष्म घरे आपापल्यावर पडलेला प्रकाश मोजतात व ती मापे अंकांच्या रूपाने साठविली जातात. १९७५ साली अमेरिकेतील कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने असा कॅमेरा प्रथम बनविला. त्याच्या चित्रात अवघे १०,००० बिंदू होते आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. नवल असे, की फिल्म विकून मोठ्या झालेल्या याच कंपनीवर २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी आली.

अंकांच्या चित्राची हुबेहूब प्रत क्षणात होते, हा त्याचा मोठाच गुण. पण अशी प्रत दुसरीकडे ठेवलेली नसली आणि मोबाइल विहिरीत पडला, तर हजारो चित्रे एकदम नाहीशी होतात. निगेटिव्हला भय ओलाव्याचे व बुरशीचे. कोरड्या जागी जपलेली निगेटिव्ह पन्नास वर्षांनीही खिडकीच्या उजेडाकडे धरली, तर तिच्यात आजोबांचा चेहरा ओळखू येतो. त्यांचा पांढरा फेटा तेवढा काळा दिसतो.