घरातील अल्पखर्ची मत्स्यकुंड : साधने आणि कालावधी

घरात मासे पाळण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत. काचेच्या पेटीतील मासे बाजूने पाहावयाचे असतात, तर कुंडातील मासे वरून. खर्चाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. वरून पाहावयाचे म्हटले की पात्र पारदर्शक असण्याची आवश्यकता उरत नाही, आणि जाड काचेचा खर्च वाचतो. प्लॅस्टिकचा रुंद टब पुरेसा होतो. किंवा फळ्यांची भक्कम चौकट करून तीत शेततळ्याला लावतात तो जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला तरी चालते. मात्र कुंड पाण्याने भरले म्हणजे ते माशांना राहण्याजोगे झाले, असे होत नाही. नव्या कुंडातील मासे पहिल्या काही आठवड्यांतच मरू लागतात, हा अनेकांचा अनुभव आहे. त्याचे कारण समजून घेतल्यास काटकसर कोठे करावी व कोठे करू नये, याचा उलगडा होतो.

प्रथम पात्राचा विचार करू. घरात जुने तांब्याचे घंगाळ असल्यास ते शोभिवंत कुंड होईल असा मोह पडणे स्वाभाविक आहे. परंतु पाण्यात उतरलेले तांबे अल्प प्रमाणातही माशांना व गोगलगाईंना घातक ठरते. पितळेतही तांबे असल्यामुळे तेही वर्ज्य होय. नव्या सिमेंटच्या हौदातून चुना पाण्यात उतरतो. म्हणून तो अनेकवार भरून रिता केल्याविना वापरू नये. पात्र खोल असण्यापेक्षा पसरट असणे हितावह आहे, कारण पाण्यात प्राणवायू शिरतो तो मुख्यतः पृष्ठभागातून. एक लिटर गोड्या पाण्यात २० अंश सेल्सियसला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना मात्र सुमारे साडेसातच. आपल्याकडील उन्हाळ्यात ही तूट उपेक्षणीय नव्हे.

पसरटपणाचा दुसरा लाभ भारासंबंधीचा आहे. ९० सेंटिमीटर लांब व ६० सेंटिमीटर रुंद कुंडात ३० सेंटिमीटर पाणी भरल्यास ते १६२ लिटर, म्हणजे तितकेच किलो होते. दर चौरस मीटरला हा भार ३०० किलो पडतो. निवासी खोल्यांच्या जमिनीसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरलेला असतो. तो सर्व जमिनीवर पसरलेला मानलेला असल्याने एवढ्याने धोका संभवतोच असे नाही. तथापि वरच्या मजल्यावर कुंड खोलीच्या मध्यभागी न ठेवता भिंतीलगत ठेवावे, आणि याहून मोठे करावयाचे झाल्यास जाणकार अभियंत्यास विचारावे.

आता मुख्य प्रश्न पाण्याचा. लंडनचा रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८५० साली एका पात्रात गोल्डफिश, वालिस्नेरिया ही पाणवनस्पती व गोगलगाई एकत्र ठेवून प्राणी आणि वनस्पती यांचा समतोल साधता येतो असे दाखविले. या समतोलाचा एक घटक मात्र डोळ्यांना दिसणारा नव्हता. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले अन्न कुजूनही तोच निर्माण होतो, आणि तो त्यांना विषारी असतो. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये व दुसरे काही नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइट हेही विषच, कारण ते रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती क्षीण करते. नायट्रेट तुलनेने सौम्य होय. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की याने १८९० च्या सुमारास या जीवाणूंचे स्वरूप उलगडले. नव्या कुंडात ते जवळजवळ नसतातच, व त्यांची पुरेशी वाढ होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. मासे मरतात ते या अवधीत.

म्हणून हा काळ माशांविना काढावा. पाणी भरून त्यात रोज चिमूटभर मत्स्यखाद्य टाकावे. ते कुजून अमोनिया तयार होतो व जीवाणूंस अन्न मिळते. परिचिताच्या जुन्या, निरोगी मत्स्यपेटीतील गाळणीचा थोडा स्पंज मिळाल्यास अवधी बराच कमी होतो. मासे नसलेले स्थिर पाणी हे डेंग्यू पसरविणाऱ्या डासांचे माहेरघर असते, आणि अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. त्यामुळे या काळात कुंडावर बारीक जाळी घट्ट बांधणे अपरिहार्य आहे. चाचणीत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यानंतरच मासे सोडावेत, तेही दोन-तीनच्या संख्येने.

गाळणीसाठी खर्च अल्प आहे. छिद्रे पाडलेल्या बादलीत स्पंज व विटांचे धुतलेले तुकडे भरून कूलरच्या लहान पंपाने पाणी त्यातून सतत खेळवावे. जीवाणू वसतात ते या पृष्ठभागांवर. पंपाच्या जोडणीस अर्थिंग व गळती होताच वीज तोडणारा स्विच असावा. येथे काटकसर करू नये. गाळणी नळाखाली धुतल्यास क्लोरीनने जीवाणू मरतात. ती कुंडातून काढलेल्या पाण्यातच खंगाळावी. दर आठवड्यास पाचवा हिस्सा पाणी बदलावे, आणि नवे पाणी क्लोरीन काढूनच घालावे. उडालेल्या पाण्याची भरपाई म्हणजे पाणी बदलणे नव्हे, कारण वाफेबरोबर क्षार जात नाहीत.

वर सांगितलेल्या कुंडास दहा-बारा झेब्रा मासे पुरेत. ते मूळचे भारतीय उपखंडातीलच होत. स्वस्त मिळणारा गोल्डफिश वाढून वीतभर होतो व कुंड त्यास अपुरे पडते. गप्पी झपाट्याने वाढतात, आणि नकोसे झालेले मासे ओढ्यात सोडल्यास स्थानिक जातींना उपद्रव होतो. पाळलेला कोणताही मासा नैसर्गिक पाण्यात सोडू नये.

सारांश, पात्र, गाळणी व मासे यांवरील खर्च कमी करता येतो. प्रतीक्षेचे आठवडे मात्र कमी करता येत नाहीत. ते वाचविण्याचा प्रयत्न केल्यास त्याचे मोल माशांना द्यावे लागते.