परदेशीं विवाह आणि परतण्याचें बंधन

विवाह झाला म्हणजे परदेशांतील वास्तव्याचा प्रश्न आपोआप सुटला, असा समज सुशिक्षित कुटुंबांतही आढळतो. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विनिमय-व्हिसावर, म्हणजे ‘जे-१’ व्हिसावर, गेलेल्या विद्यार्थ्यानें वा संशोधकानें तेथील नागरिकाशीं विवाह केला, तर हा समज त्याला महागांत पडण्याचा संभव असतो. विवाहानें कायम रहिवासासाठीं अर्ज करण्यास आधार मिळतो. परंतु मायदेशीं परतण्याचें बंधन पूर्वींच लागू झालेलें असेल, तर तें विवाहानें तुटत नाहीं.

या बंधनामागें एक विचार आहे. पाहुण्यानें परदेशांत विद्या संपादन करावी व स्वदेशीं जाऊन तिचा लाभ स्वकीयांस द्यावा, हा विनिमय-योजनेचा मूळ हेतु. म्हणून १९५६ सालीं कायद्यांत दोन वर्षांची अट घालण्यांत आली; १९७० सालीं ती ठराविक वर्गांपुरती मर्यादित झाली. आज ती तिघांना लागू पडते: ज्यांच्या शिक्षणाचा खर्च स्वदेशाच्या वा अमेरिकेच्या सरकारानें केला ते, ज्यांची विद्या त्यांच्या देशाला विशेष गरजेची म्हणून सरकारी यादींत नमूद आहे ते, आणि पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणासाठीं गेलेले डॉक्टर. सोबत गेलेल्या आश्रितांनाही हें बंधन लागतें. ९ डिसेंबर २०२४ पासून या यादींतून भारत वगळला गेला. त्यामुळें केवळ यादीमुळें अडकलेले भारतीय आतां मोकळे झाले. सरकारी शिष्यवृत्ति घेणारे व डॉक्टर मात्र पूर्वींप्रमाणेंच बांधलेले आहेत.

बंधन असलेल्या व्यक्तीस स्वदेशांत एकूण दोन वर्षें प्रत्यक्ष राहिल्यावांचून कायम रहिवास मिळत नाहीं. ही दोन वर्षें सलग नसलीं तरी चालतात. पण तिसऱ्या देशांत काढलेला काळ त्यांत धरीत नाहींत.

सुटकेचे पांच मार्ग आहेत: स्वदेशाच्या सरकारची ना-हरकत, अमेरिकन सरकारी खात्याची मागणी, डॉक्टरांसाठीं राज्याच्या आरोग्यखात्याची मागणी, स्वदेशीं छळ होण्याचें भय, आणि नागरिक वा कायम रहिवासी असलेल्या पतीला, पत्नीला किंवा अपत्याला होणारा असाधारण त्रास. डॉक्टरांना यांपैकीं पहिला मार्ग बंद आहे. विवाहितांचें लक्ष साहजिकच शेवटच्या मार्गाकडे जातें. पण तो सोपा नाहीं. येथें अर्जदाराचा स्वतःचा त्रास जमेस धरीत नाहींत, आणि केवळ विरह पुरत नाहीं. जोडीदार बरोबर गेला तरी असाधारण त्रास होईल, व मागें राहिला तरी होईल, असें दोन्ही बाजूंनीं सिद्ध करावें लागतें. ज्या मुलाचा औषधोपचार स्वदेशीं होऊं शकत नाहीं व ज्याचा सांभाळ एकट्या पालकाला झेपत नाहीं, त्याचें उदाहरण या कसोटीजवळ येतें.

ज्यांच्यावर बंधन नाहीं, त्यांना रीतसर प्रवेश झालेला असल्यास देश न सोडतां अर्ज करतां येतो. जोडीदाराची विनंति व अर्जदाराचा अर्ज एकदमच देतां येतात. मात्र निकालापूर्वीं परवानगीवांचून देशाबाहेर गेल्यास अर्ज सोडून दिला असें मानतात. मंजुरीच्या वेळीं विवाहास दोन वर्षें झालीं नसतील, तर १९८६ च्या कायद्याप्रमाणें प्रथम दोन वर्षांचाच सशर्त रहिवास मिळतो. तो संपण्यापूर्वींच्या ९० दिवसांत दोघांनीं मिळून शर्त काढण्याचा अर्ज करावयाचा असतो. रहिवासासाठीं केलेला खोटा विवाह उघडकीस आल्यास पुढील विवाहाच्या आधारेंही मार्ग बंद होतो.

व्हिसावर बंधनाची नोंद असते. पण ती अखेरची नव्हे. शंका असल्यास अमेरिकेच्या परराष्ट्रखात्याचें लेखी मत मागवितां येतें. विवाहाची तिथि ठरविण्यापूर्वीं हें मत हातीं असलें, तर नवा संसार कोठें मांडावयाचा याचा निर्णय दोघांना उघड्या डोळ्यांनीं घेतां येतो. नाहींतर तो निर्णय कायदा घेतो, आणि त्याची किंमत दोन वर्षांच्या ताटातुटीनें भरावी लागते.