दिवसाला सहा फॉर्म

सकाळी 5.45
हुबळी, मराठा गल्ली. भाकऱ्या थापून झाल्यात, तवा अजून गरम आहे. आई दाराशी उजेडाला बसून साडीला फॉल लावतेय. घरात मराठी, गल्लीत कन्नड, दुकानात हिंदी. सर्व्हेच्या कामाला हे फार उपयोगी पडतं. मुलगी पिशवी भरते. पॅड, दोन पेनं, अंगठ्यासाठी शाईचा पॅड, पावसासाठी प्लॅस्टिकचा कागद. आणि गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत पाच चिंचोके.

7.20
लाल बस. आधार कार्ड दाखवलं की कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. कर्नाटकात जून 2023 पासून बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट. पलीकडच्या राखीव लेनमधून एसी ‘चिगरी’ बस सुसाट निघून जाते. उणकल, नवनगर, रायापूर, सत्तूर. धारवाड वीसेक किलोमीटर. हुबळीत राहणारी मुलगी हुबळीतल्याच घरांचे कोरे फॉर्म आणायला धारवाडला जाते. हे असंच का, ते कुणी विचारत नाही.

एमएसडब्ल्यू तिनं कर्नाटक विद्यापीठातून केलं. 1949 साली ते विद्यापीठ निघालं तेव्हा धारवाड मुंबई प्रांतात होतं, आणि कचेरीही आधी मुंबईतच होती. नेट-जेआरएफ झाली असती तर महिन्याला 37 हजारांची फेलोशिप मिळाली असती. झाली नाही. आता एका संशोधन प्रकल्पात फॉर्मवर काम. एका फॉर्मचे 110 रुपये.

8.45
फॉर्म मोजून घ्यायचे. सहा. प्रत्येकी 12 पानं, 64 प्रश्न: घर, कमाई, मुलांची शाळा, आजारपण, मन. उत्तर द्यायला नकार आला तर 98 लिहायचं. एका फॉर्मात दोन 98 चालतात. तिसरा आला की फॉर्म बाद.

10.10
परत हुबळी. सेटलमेंट. 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली इंग्रजांनी माणसं अशा वसाहतींत ठेवली, त्यांची हजेरी घेतली. कायदा 1952 साली गेला, नाव राहिलं. इथल्या लोकांची नोंद करायला शंभर वर्षं कुणी ना कुणी येतंच आहे. पहिल्या दाराशीच म्हातारा विचारतो, “मागच्यांनी लिहून नेलं, त्याचं काय झालं?” ती खोटं बोलत नाही. “मला माहीत नाही, अज्जा.” तो दार लावून घेतो.

दुसरं दार. “बर्री अक्का, कूडरी.” या ताई, बसा.

11.00
बाई विद्यानगरात चार घरची धुणीभांडी करून आली आहे. हात अजून ओले, बोटांना सुरकुत्या. पहिली 50 उत्तरं भराभर होतात. मग जागतिक आरोग्य संघटनेचे पाच प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत मन आनंदी होतं का, शांत होतं का, अंगात उत्साह होता का, वगैरे. उत्तर 0 ते 5. पाचांची बेरीज गुणिले चार, म्हणजे शंभरपैकी गुण. कागदावर सोपं आहे. दारात बसून कुणी स्वतःला आकडा देत नाही, “चाललंय” म्हणतात. म्हणून चिंचोके. जितकं वाटलं तितके पुढे सरकवायचे.

आनंदी: तीन. थोडा विचार, एक मागे. शांत: दोन. सकाळी उठल्यावर ताजंतवानं? बाई हसते. चारला उठणारीला काय विचारतेस! एकही सरकवत नाही. पेन टेकतं न टेकतं तोच एक पुढे येतो. “हा रविवारचा.”

12.15
नळाला पाणी आलं. मुलाखत थांबली. इथे पाणी रोज येत नाही, त्यामुळे संशोधन वगैरे नंतर. घागरी, बादल्या, प्लॅस्टिकचा ड्रम. तीही पॅड खुंटीला लावून पाईप धरते.

याच पाण्यावर याच शहरात एक मोठं संशोधन झालं. हुबळी-धारवाडच्या काही वॉर्डांत 2008 च्या सुमाराला चोवीस तास पाणी आलं, बाकीच्यांत नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी 2010 पासून दोन्हीकडची, लहान मुलं असलेली 3,922 घरं पाहिली. पंधरा महिने, चार फेऱ्या. चोवीस तास पाण्यानं जुलाब एकंदरीत कमी झालेले दिसले नाहीत. गरीब घरांत मात्र रक्ती आव कमी दिसली. निष्कर्ष जगभर वाचला गेला. त्यामागे किती वेळा कड्या वाजवल्या असतील, किती वेळा “नळ आलाय, नंतर या” ऐकून घेतलं असेल! त्या कामाबद्दल मला निष्कर्षापेक्षा जास्त आदर आहे.

2.00
तीन फॉर्म झाले. देवळाच्या ओट्यावर डबा. भाकरी, शेंगदाण्याची चटणी. चहा 10.

2.40
संमतीपत्रं संपली. झेरॉक्स 20 पानं, 40 रुपये. बिल दिलं तर पैसे परत मिळतात. दुकानदार 40 रुपयांचं बिल फाडत नाही.

3.00 ते 5.30
चौथा फॉर्म, पाचवा. सहाव्या घरी नवऱ्याची कमाई: 98. कर्ज: 98. मग प्रश्न 41, मुलीनं शाळा का सोडली. मुलगी समोरच बसली आहे. एरवी ती कापडाच्या दुकानात असते, आज सुट्टी. आई मुलीकडे बघते, मग जमिनीकडे. “ते नको लिहूस.”

यादीत सोयीची उत्तरं आहेतच. ‘घरकाम’वर खूण केली तर 110 रुपये. आत्तापर्यंत मुलगी एक शब्द बोललेली नाही. फॉर्म भरणारी चौकट कोरी ठेवते आणि पुढचा प्रश्न वाचते. बाकीचे सगळे पूर्ण करते.

6.15
दुर्गदबैलचा बाजार. चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि दोन मिरची भजी, 45. वहीत हिशेब: पाच फॉर्म 550. वजा चहा 10, झेरॉक्स 40, शेअर रिक्षा 20, हे 45. राहिले 435. पाय दुखायला लागलेत हे बसल्यावर कळतं.

8.50
लाल पेनानं कोड घालायचं काम. पाच फॉर्म, प्रत्येकी वीस मिनिटं. याचे वेगळे पैसे नाहीत. आईचा फॉल अजून चालू आहे, सातवी साडी.

सहाव्या फॉर्माच्या कोपऱ्यावर ती पेन्सिलनं लिहिते: मुलगी दुकानात 10 ते 8, आई कामावरून 1 ला. उद्या त्या घरी दुपारी एकला जायचं. जेवण मग अडीचला.