देगलूरची उघडीप आणि विषुववृत्तावरचे ढग

नांदेड जिल्ह्यातल्या देगलूरच्या कोरडवाहू रानात सोयाबीन उगवून येते आणि पाऊस दडी मारतो. पुण्यात जन्मलेल्या हवामानशास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ यांनी मान्सूनच्या अशा चढउतारांच्या अभ्यासाला आयुष्य दिले. १९८० साली डी. आर. सिक्का यांच्यासह त्यांनी उपग्रहचित्रांतून दाखवले, की विषुववृत्ताजवळचे ढगांचे पट्टे दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने उत्तरेकडे सरकतात. एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचे तापणे, भारतातला पाऊस सहसा घटवतो; पण १९९७ मध्ये एल निनो प्रबळ असूनही देशात पाऊस सरासरीइतका, तर २००२ मध्ये एल निनो मध्यम असूनही दुष्काळ! २००४ साली त्यांनी सहकाऱ्यांसह या कोड्याचा संबंध विषुववृत्तीय हिंद महासागरावरच्या वातावरणाच्या दोलनाशी जोडला. मला सर्वांत मोलाचे वाटते ते त्यांचे आंध्र प्रदेशातल्या अनंतपूर भागातले काम: भुईमूग नेमका कधी पेरावा, हे त्यांनी शेतकऱ्यांना सोबत घेऊन तपासले.