चमकी जाते कुठे?

आज बोलायचंय चमकीबद्दल. दुकानात हिला ग्लिटर म्हणतात.

सुरुवात माझ्याच घरापासून करते. आम्ही कोलकात्याच्या पूर्वेला, न्यू टाउनमध्ये राहतो. गणपती दीड दिवसाचा असला तरी मखर घरीच करायचं, हा माझा हट्ट. सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली, तेव्हा मी फार शहाणपणा केल्यासारखी सोनेरी ग्लिटरची फोमशीट आणली. कापायला सोपी, दिसायला झकास. बाप्पा गेले, मखर आवरलं, तीनदा केर काढला, दोनदा फरशी पुसली. आणि कोजागरीला मसाला दुधाच्या पेल्याच्या काठावर एक सोनेरी ठिपका चमकला!

त्या ठिपक्याला मी हसले. पण मग फरशी पुसलेली बादली आठवली. ते पाणीही सोनेरी दिसत होतं आणि मी ते बिनदिक्कत मोरीत ओतलं होतं.

बहुतेक चमकी म्हणजे पॉलिएस्टरची अतिशय पातळ फिल्म. पाण्याच्या बाटलीचं असतं तेच प्लास्टिक. तिच्यावर ॲल्युमिनियमचा हलका थर देतात म्हणून ती आरशासारखी चमकते, वर रंगाचा थर देतात आणि मग तिचे बारीक तुकडे करतात. भिंगाखाली पाहिलंत तर पुष्कळदा ते षटकोनी दिसतील. मधाच्या पोळ्यासारखे षटकोन एकमेकांना चिकटून बसतात, त्यामुळे कापताना काही वाया जात नाही. (कारखान्यात काही वाया जात नाही, वाया जातं ते नंतर.) कण चपटा आणि हलका, त्यामुळे त्वचेवरचा किंचितसा ओलावा किंवा कपड्यातली स्थिर वीजही त्याला धरून ठेवायला पुरते. म्हणून तर ती झटकून जात नाही.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकच्या कणांना सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. पिशवी किंवा बाटली उन्हापाण्यात वर्षानुवर्षं झिजते, तेव्हा तिचे असे कण होतात. चमकीला तेवढं थांबावं लागत नाही. ती कारखान्यातूनच चुरा होऊन येते.

इथे मला आपल्या नियमांबद्दल बोलायचंय. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची विसर्जनाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं मे 2020 मध्ये आली. मूर्तीवरची सजावट विसर्जनाआधी उतरवून घ्यावी, असं त्यात आहे. मुकुट निघतो, हार निघतात, कापड निघतं. कोलकात्यात दुर्गेच्या विसर्जनानंतर लगेच क्रेन लावून गंगेतून सांगाडे बाहेर काढतात. ते काम पाहण्यासारखं असतं. 1 जुलै 2022 पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या काही वस्तूंवर बंदी आली. त्या यादीत सजावटीचं थर्माकोल आहे, फुग्याची काडी आहे, मिठाईच्या खोक्यावरचं वेष्टन आहे. चमकी नाही. म्हणजे जे हाताने किंवा क्रेनने उचलता येतं, त्याचा विचार झालाय. मूर्तीच्या ओल्या रंगावर भुरभुरवलेली चमकी कोण आणि कशी उतरवणार?

मग देवाला चमक नकोच का? असं मी अजिबात म्हणणार नाही. बंगालमध्ये दुर्गेचे दागिने शोल्याचे करतात. शोला ही पाणथळ जागेत उगवणारी वनस्पती, तिचा आतला गाभा पांढराशुभ्र आणि हलका. आपल्याकडे त्यालाच भेंड म्हणत. भेंडाची बाशिंगं तुमच्यापैकी काही जणांच्या आजीने पाहिली असतील. नुसत्या पांढऱ्या शोल्याच्या सजावटीला इथे ‘शोलार शाज’ म्हणतात, आणि त्यावर चकाकता धातूचा पत्रा लावला की ‘डाकेर शाज’. हा पत्रा पूर्वी जर्मनीहून टपालाने, म्हणजे डाकेने यायचा, म्हणून ते नाव पडलं असं सांगतात. आपल्याकडचा बेगड तो हाच. ‘बेगडी’ हा शब्द आपण नावं ठेवायला वापरतो खरा, पण तो बेगड धातूचा होता. मखराबरोबर गोळा होऊन निघायचा.

आता बेगड म्हणून मिळतो तोही बऱ्याचदा प्लास्टिकचा असतो. ओळखायला सोपं आहे. घडी घालून बघा. धातूचा पत्रा घडी धरून ठेवतो, प्लास्टिक पुन्हा उलगडतं.

आता त्या बादलीतल्या पाण्याकडे येऊ. न्यू टाउनपासून दक्षिणेकडे गेलं की पूर्व कोलकात्याची पाणथळ जमीन लागते. सुमारे 12,500 हेक्टर, 2002 पासून रामसर यादीत. शहराचं सांडपाणी कालव्यांतून इथल्या उथळ तळ्यांत येतं. ऊन लागतं, जिवाणू घाण फोडतात, शेवाळ वाढतं, ते मासे खातात आणि तेच मासे शहराच्या बाजारात येतात. ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने ही व्यवस्था जगापुढे मांडली. महागडं यंत्र नाही. सगळा कारभार उन्हावर आणि शेवाळावर.

म्हणून इंग्लंडमधल्या अँग्लिया रस्किन विद्यापीठाचा एक प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. डॅनियल ग्रीन या संशोधिकेच्या गटाने गोड्या पाण्यात चमकी टाकून 36 दिवस निरीक्षण केलं. पाण्यावर तरंगणाऱ्या टिकलीएवढ्या वनस्पतीची, डकवीडची, मुळं निम्मी राहिली. पाण्यातलं हरितद्रव्य तिपटीने कमी झालं, म्हणजे सूक्ष्म शेवाळ घटलं. आणि हे फक्त प्लास्टिकच्या चमकीने झालं नाही. ‘विघटनशील’ म्हणून विकली जाणारी सेल्युलोजची आणि अभ्रकाची चमकीही त्यात होती. त्या सेल्युलोजवरही ॲल्युमिनियमचा आणि पातळ प्लास्टिकचा थर असतोच. हा प्रयोग टाक्यांतला होता, तळ्यातला नाही, हे लक्षात ठेवा. पण पाकिटावर ‘इको’ लिहिलं म्हणून ती मोरीत ओतायला मोकळीक मिळत नाही. अभ्रकाची आणखी एक गोष्ट आहे: शेजारच्या झारखंडात, कोडरमा-गिरिडीह भागात, ते वेचायला लहान मुलं लावली जातात.

युरोपीय संघाने 17 ऑक्टोबर 2023 पासून प्लास्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीवर बंदी घातली. सौंदर्यप्रसाधनांना बरीच वर्षं मुदत मिळालीय. ओठांच्या आणि नखांच्या रंगांना तर 2035 पर्यंत. बंदी येतेय म्हटल्यावर जर्मनीत लोकांनी चमकीचा साठा करून ठेवल्याच्या बातम्या आल्या. ज्या देशाने आपल्याला डाकेने चकाकी पाठवली, त्याची ही तऱ्हा!

घरात चमकी आधीच असेल तर फडका ओला करू नका. कणकेचा छोटा घट्ट गोळा फरशीवर, मखरावर दाबत फिरवा. कण त्यात रुततात. हात धुण्याआधी तोही त्याच गोळ्यावर दाबा. मग गोळा वाळवून, कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाका. ओल्यात नको, नाहीतर खतातून बागेत येईल. मुलांच्या शाळेच्या प्रकल्पांनाही हेच.

यंदा मी शोल्याची फुलं आणली. एक फूल पाण्यात पडलं, ते रात्रभर तरंगत राहिलं. सकाळी चिमटीत धरून उचललं.